बेसबॉल संघाचा हंगामवार इतिहास कसा मांडायचा: अ‍ॅथलेटिक्सचा तक्ता, १९०१ पासून

अ‍ॅथलेटिक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने १९१६ साली ३६ सामने जिंकले. १९१९ साली ३६. २०२० सालीही ३६च. नुसता जिंकलेल्या सामन्यांचा रकाना पाहिला तर तिन्ही वर्षं सारखीच वाईट वाटतात. शेजारी हरलेले सामने मांडले की उलगडा होतो: ११७, १०४ आणि २४. पहिल्या दोन वर्षी संघ तळाला होता. २०२० साली करोनामुळे हंगामच ६० सामन्यांचा झाला आणि संघ आपल्या विभागात पहिला आला. आकडा कितीपैकी आहे हे त्याच ओळीत लिहिलेलं नसेल, तर तक्ता वाचणाऱ्याला फसवतो. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीसाठी आहे.

सोलापुरात शालेय स्पर्धांमुळे बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळणारी मुलं आहेत. त्यांना बेस, पिचर, आउट समजावून सांगावं लागत नाही. अडतं ते संघांच्या इतिहासापाशी, कारण क्रिकेटच्या सवयी आड येतात. रणजीचा हंगाम दोन वर्षांत पसरतो म्हणून आपण २०२३-२४ असं लिहितो. बेसबॉलचा हंगाम गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होतो, दिवाळीच्या आसपास संपतो आणि एकाच सालात मावतो. म्हणून एक साल, एक ओळ. दुसरं म्हणजे संघ जवळजवळ रोज खेळतो, सहा महिन्यांत १६२ सामने. त्यामुळे जगातला सर्वोत्तम संघसुद्धा वर्षाला पन्नासेक सामने हरतो. ५० पराभव पाहून मुलं नाक मुरडतात; त्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

कोणता संघ घ्यायचा

नवा, छोट्या इतिहासाचा संघ घेतला तर काम दोन दिवसांत उरकतं, पण शिकायला फारसं मिळत नाही. अ‍ॅथलेटिक्स घ्यावा. शहर बदललं, नाव बदललं, संप झाले, भूकंप झाला, जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावरून एका वर्षात थेट तळाला गेला. हंगामवार इतिहासात येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण या एकाच संघात सापडते.

हा संघ १९०१ ते १९५४ फिलाडेल्फियात होता, १९५५ ते १९६७ कॅन्सस सिटीत आणि १९६८ ते २०२४ ओकलंडमध्ये. २०२५ पासून तो सॅक्रामेंटोजवळच्या मैदानावर खेळतो. पुढे लास व्हेगासला जायचं ठरलेलं असल्याने या मुक्कामात नावापुढे शहर लावत नाहीत, फक्त अ‍ॅथलेटिक्स म्हणतात. ५४, १३, ५७ आणि १ मिळून २०२५ अखेर १२५ हंगाम होतात. ही बेरीज सुरुवातीलाच लिहून ठेवा. शेवटी ओळी १२५ भरल्या नाहीत तर कुठलं तरी साल गळलं किंवा दोनदा आलं आहे.

'तोच संघ' कशाला म्हणायचं, हेही पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवावं लागतं. नियम साधा आहे: लीगमधली जागा, खेळाडूंचे करार आणि मालकीहक्क ज्याच्याबरोबर पुढे गेले तो तोच संघ, मग शहर कुठलंही असो. नावावर जाऊ नका. फिलाडेल्फियात अ‍ॅथलेटिक्स नावाचे संघ १९०१ च्या आधीही होते. एकाने १८७१ ची पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली आणि १८७६ साली, म्हणजे सोलापूरची जुनी मिल उभी राहिली त्याच्या आदल्या वर्षी, नव्या नॅशनल लीगमध्ये प्रवेश केला. त्याच हंगामानंतर त्याची हकालपट्टी झाली. दुसऱ्या अ‍ॅथलेटिक्सने १८८३ साली अमेरिकन असोसिएशन ही लीग जिंकली. या दोघांचा मॅनेजर कॉनी मॅकच्या १९०१ मधल्या संघाशी नावापलीकडे संबंध नाही. तरी १८७१ चं विजेतेपद याच संघाच्या खात्यात चिकटवलेले तक्ते दिसतात.

वॉशिंग्टन सेनेटर्समध्ये याच्या उलटा घोटाळा होतो. पहिला सेनेटर्स १९६१ साली मिनेसोटाला जाऊन ट्विन्स झाला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनला त्याच नावाचा नवा संघ मिळाला. तो नवा संघ १९७२ साली टेक्सास रेंजर्स झाला. नाव एक, संघ दोन, वारस दोन. प्रतिस्पर्धी संघांच्या नोंदी करताना हे लक्षात नसेल तर चूक हमखास होते.

वही, कार्डशीट की संगणक

कच्चं काम दोनशे पानी फुलस्केप रजिस्टरमध्ये करा, हंगामाला एक पान. १२५ पानं भरल्यावर उरलेली पानं सूची आणि शंकांसाठी राहतात. सुटे कागद वापरू नका. एक हरवला की त्या सालाचं सगळं पुन्हा शोधावं लागतं.

शाळेच्या भिंतीसाठी करायचं असेल तर बाजारात मिळणारी २२ बाय २८ इंची कार्डशीट उभी धरा. उंची सुमारे ७१ सेंटिमीटर मिळते. १२५ ओळी एकाच शीटवर कोंबल्या तर ओळीला सहा मिलिमीटरही मिळत नाहीत आणि दोन हातांवरून काही वाचता येत नाही. दोन शीट करा. पण निम्म्यावर कापू नका, कारण निम्मं येतं १९६३ ला, कॅन्सस सिटीच्या मधोमध. पहिली शीट १९०१ ते १९६७ अशा ६७ ओळींची ठेवा, दुसरी १९६८ पासून ५८ ओळींची. ओळ ९ मिलिमीटरची धरली तर पहिलीवर साठ सेंटिमीटर आणि थोडं वर लागतं, शीर्षकाला जागा उरते. दुसरीवर ५२ सेंटिमीटर जातात आणि खाली पुढच्या हंगामांसाठी सोय राहते. आधी पेन्सिलीने रेघा, मग शाई. स्केच पेन टाळा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीसमोरच्या भिंतीवर त्याचा रंग लवकर उडतो. काळं जेल पेन किंवा बॉलपेन त्यापेक्षा टिकतं.

संगणकावर करणाऱ्यांसाठी एकच इशारा, पण महत्त्वाचा. मालिकेचा निकाल ४-१ असा एका चौकटीत टाकला की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते आणि वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या) रकान्यात एप्रिल किंवा जानेवारी उगवतो. जिंकले आणि हरले यांना नेहमी वेगळे रकाने द्या. मालिकेचा निकाल एकत्रच हवा असेल तर तो रकाना भरण्याआधी 'मजकूर' म्हणून ठरवून घ्या. नंतर बदललं तर मूळ आकडा परत मिळत नाही. शिवाय देवनागरी अंक टाकले तर बऱ्याचदा बेरीज-भागाकार होत नाही. हिशेब इंग्रजी अंकांत (1, 2, 3) करून छापताना देवनागरी करावेत.

रकाने

साल, त्या वर्षीचं शहर, एकूण सामने, जिंकले, हरले, बरोबरी, जय-प्रमाण, क्रमांक, किती सामने मागे, मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक), मैदान, बाद फेरी, शेरा. यापेक्षा कमी रकान्यांत भागत नाही. जास्त रकाने घालण्याचा मोह होतो, पण प्रेक्षकसंख्या, पगार वगैरे रजिस्टरच्या पानावर लिहा, तक्त्यात नको.

तीन नमुना ओळी, मॅनेजर, मैदान आणि शेरा वगळून:

१९१६ | फिलाडेल्फिया | १५४ | ३६ | ११७ | १ | .२३५ | ८/८ | ५४½ | नाही
१९७२ | ओकलंड | १५५ | ९३ | ६२ | ० | .६०० | १/६ | – | वर्ल्ड सिरीज विजयी
२००९ | ओकलंड | १६२ | ७५ | ८७ | ० | .४६३ | ४/४ | २२ | नाही

क्रमांकाचा रकाना असा अपूर्णांकासारखा का लिहायचा ते पाहा. १९५२ साली हा संघ चौथा आला तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते, म्हणजे निम्म्याच्या वर. २००९ साली चौथा आला तेव्हा विभागात चारच संघ होते, म्हणजे तळाला. १९६८ चा सहावा क्रमांक दहापैकी आहे आणि त्या वर्षी संघाने हरले त्यापेक्षा जास्त सामने जिंकले होते. नुसतं 'चौथा', 'सहावा' लिहिलं तर या तिन्ही वर्षांचा अर्थ उलटा लागतो. हा संघ ज्यात खेळतो त्या अमेरिकन लीगमध्ये १९६० पर्यंत आठ संघ होते, १९६१ पासून दहा. १९६९ पासून सहा-सहा संघांचे दोन विभाग झाले आणि १९७७ पासून सात-सातचे. १९९४ साली तीन विभाग झाले, त्यात पश्चिम विभागात चारच संघ आले. २०१३ साली ह्यूस्टन तिकडे आल्यावर पाच झाले. ही माहिती रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की दरवेळी शोधावी लागत नाही.

बरोबरीचा रकाना आज निरुपयोगी वाटेल, कारण आता जादा डाव खेळून निकाल लावतात. पण जुन्या काळी मैदानांवर दिवे नव्हते. अंधार पडला की बरोबरीतला सामना तिथेच थांबायचा. खेळाडूंचे त्या सामन्यातले आकडे धरायचे, पण संघाला जय नाही, पराजयही नाही. म्हणून १९१६ साली ३६ आणि ११७ ची बेरीज १५३ येते आणि सामने मात्र १५४. बेरीज जुळत नाही म्हणून आकडा 'दुरुस्त' करणारे इथेच चुकतात.

मैदानाचा रकाना हौसेखातर नाही. ओकलंडच्या कोलिझियममध्ये रेषेबाहेरची मोकळी जागा फार मोठी होती. इतर मैदानांत प्रेक्षकांत जाणारे उंच फटके तिथे झेलले जायचे, फलंदाज फुकट बाद व्हायचा आणि धावा घटायच्या. तिथल्या पिचरचे आकडे वाचताना हे ध्यानात धरावंच लागतं. मैदानाचं नाव मात्र एकच ठेवा. प्रायोजकांपायी कोलिझियमचं नाव इतक्यांदा बदललं की दरवेळचं नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वेगवेगळी मैदानं वाटतील. फिलाडेल्फियाचं शाइब पार्क (१९०९) आणि १९५३ पासूनचं कॉनी मॅक स्टेडियम हेही एकच.

हिशेब आणि पडताळणी

जय-प्रमाण म्हणजे जिंकले भागिले जिंकले अधिक हरले. बरोबरीचे सामने भाजकात धरत नाहीत. तीन दशांश स्थळं घ्यायची आणि पुढचं शून्य न लिहिता .६०० असं लिहायचं. शंभराने गुणून ६० टक्के लिहू नका; शेजारच्या ओळींशी तुलना करणं अवघड होतं. १९७२ मधले ९३-६२ आणि २०२० मधले ३६-२४ दोन्ही बरोबर .६०० येतात. एकूण सामन्यांचा रकाना असल्यामुळेच ही दोन वर्षं वेगळी ओळखू येतात.

किती सामने मागे, हे काढायला दोन वजाबाक्या करा. पहिल्या संघाचे विजय वजा आपले विजय. आपले पराभव वजा पहिल्याचे पराभव. दोन्हींची बेरीज निम्मी करा. १९२८ साली न्यू यॉर्क यांकीज १०१-५३, अ‍ॅथलेटिक्स ९८-५५. फरक ३ आणि २, बेरीज ५, निम्मे अडीच. हा अर्धा सामना चूक नव्हे. दोन संघांचे खेळून झालेले सामने सारखे नसले की तो येतो.

कधी हा अर्धाच निर्णायक ठरतो. १९७२ साली खेळाडूंच्या संपामुळे हंगाम उशिरा सुरू झाला आणि बुडालेले सामने भरून न काढण्याचं ठरलं. त्यामुळे कुणाचे १५४, कुणाचे १५५, कुणाचे १५६ सामने झाले. पूर्व विभागात डेट्रॉइट ८६-७० आणि बोस्टन ८५-७०. डेट्रॉइट अर्ध्या सामन्याने पुढे गेलं आणि लीगच्या अंतिम मालिकेत ओकलंडकडून ३-२ हरलं.

पडताळणीचे तीन उपाय आहेत. पहिला: १९९६ पर्यंत अमेरिकन लीगमधल्या सगळ्या संघांच्या विजयांची बेरीज आणि पराभवांची बेरीज सारखीच यायला हवी, कारण संघ आपसांतच खेळायचे. १९९७ पासून दोन लीगमधले सामने सुरू झाल्याने एका लीगपुरती ही बेरीज जुळेलच असं नाही. दोन्ही लीग मिळून जुळते. दुसरा: लीग विजेतेपदं १५, वर्ल्ड सिरीजमध्ये प्रवेश १४, जगज्जेतेपदं ९. पंधरा आणि चौदा यांतला फरक १९०२ चा आहे. त्या वर्षी संघ लीग जिंकला, पण वर्ल्ड सिरीजच १९०३ साली सुरू झाली. तिसरा: शहरवार बेरीज. फिलाडेल्फियात लीग विजेतेपदं ९ आणि जगज्जेतेपदं ५ (१९१०, १९११, १९१३, १९२९, १९३०), ओकलंडमध्ये ६ आणि ४ (१९७२, १९७३, १९७४, १९८९), कॅन्सस सिटीत शून्य. तिथल्या तेरा हंगामांत एकदाही विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते.

बाद फेरीतले जय-पराजय मुख्य हंगामाच्या आकड्यात मिसळायचे नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. अपवाद माहीत नसतो. २०२१ पर्यंत दोन संघांची बरोबरी झाली की जो एक जादा सामना खेळवायचे, तो मुख्य हंगामातच धरला जाई. १९७८ मध्ये यांकीजचे आकडे १००-६३ आहेत ते त्यामुळे. १६३ दिसले म्हणून खोडू नका.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं धावांचं सूत्र वापरून पाहावं. काढलेल्या धावांचा वर्ग भागिले, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. २००२ साली संघाने ८०० धावा काढल्या, ६५४ दिल्या. उत्तर सुमारे .५९९, म्हणजे १६२ पैकी ९७ विजय. प्रत्यक्षात १०३ झाले. एवढा फरक दिसला की त्या वर्षीचे एक-एक धावेने जिंकलेले सामने तपासायचे. त्याच हंगामात संघाने सलग २० सामने जिंकले आणि विसावा, ४ सप्टेंबरचा, ११-० ची आघाडी घालवून १२-११ असा जिंकला.

वाकडे हंगाम

बहुतेक ओळी सरळ असतात, पंधरा मिनिटांत भरून होतात. वेळ जातो तो मोजक्या वर्षांवर, आणि शेऱ्याचा रकाना त्यांच्यासाठीच आहे.

१९०४: वर्ल्ड सिरीज नाही, न्यू यॉर्क जायंट्सनी खेळायला नकार दिला. अ‍ॅथलेटिक्सचा त्यात भाग नव्हता, तरी 'बाद फेरी' रकान्यात त्या वर्षी ती झालीच नाही अशी खूण हवी. नाहीतर 'पात्र ठरले नाहीत' आणि 'झालीच नाही' यांत फरक राहत नाही. १९९४ मध्येही तेच, तेव्हा संपामुळे. त्या वर्षी संघ ५१-६३ वर थांबला, म्हणजे ११४ सामने. आकडे वाईट असूनही विभागात दुसरा, कारण पहिला असलेला टेक्सास ५२-६२ होता! पुढच्या, १९९५ च्या हंगामालाही त्या संपाची झळ लागली: १४४ सामने.

१९८१ सगळ्यांत त्रासदायक आहे. जूनमध्ये संप झाला, हंगाम दोन भागांत तोडला आणि दोन्ही भागांचे विजेते बाद फेरीत घेतले. ओकलंड पहिल्या भागात ३७-२३, दुसऱ्यात २७-२२, एकूण ६४-४५. त्यांची गाठ पडली दुसऱ्या भागाच्या विजेत्या कॅन्सस सिटी रॉयल्सशी, ज्यांचे वर्षभराचे आकडे ५०-५३ होते. नॅशनल लीगमध्ये सिनसिनाटीने ६६-४२ अशी पश्चिम विभागात सर्वोत्तम कामगिरी केली आणि बाद फेरीबाहेर राहिले, कारण दोन्ही भागांत ते दुसरे होते. या सालासाठी रजिस्टरात दोन उपओळी करा. एका ओळीत हे मावत नाही.

१९८९ मध्ये आकडे सरळ आहेत, तारखा वाकड्या. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना सुरू व्हायच्या आधी, १७ ऑक्टोबरला भूकंप झाला. सामना दहा दिवसांनी, २७ ऑक्टोबरला झाला. मालिका ४-०.

एकूण सामन्यांचं मापही पायऱ्यापायऱ्यांनी बदललं आहे. अमेरिकन लीगमध्ये १९०४ पासून साधारण १५४, १९६१ पासून १६२. नॅशनल लीगमध्ये १६२ एक वर्ष उशिरा, १९६२ पासून. या दोन काळांतले विजय समोरासमोर ठेवायचे असतील तर जय-प्रमाणानेच ठेवावेत. १९३१ मधले १०७ विजय (.७०४) आणि १९८८ मधले १०४ (.६४२) यांत तीनच विजयांचं अंतर दिसतं. खरं अंतर त्याहून बरंच मोठं आहे.

तारखा आणि सोलापूरची वेळ

अमेरिकेत महिना आधी लिहितात. ४/१० म्हणजे तिकडे १० एप्रिल, आपल्याकडे ४ ऑक्टोबर, आणि दोन्ही दिवशी बेसबॉल असू शकतो. म्हणून ही चूक नजरेतून सुटते. रजिस्टरात महिना नेहमी अक्षरांत लिहा.

थेट प्रक्षेपण पाहून नोंद करणाऱ्यांनी तारीख अमेरिकेची धरावी. हंगामात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, न्यू यॉर्क साडेनऊ. सॅक्रामेंटोत संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३५ ला सुरू होतो. ओकलंडमधला शेवटचा सामना, टेक्सासवर ३-२ असा विजय, २६ सप्टेंबर २०२४ च्या दुपारचा. सोलापुरात तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता आणि तारीख २७ लागली होती. नोंदीत २६च.

आकडे कुठून घ्यायचे

बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक संघाचं हंगामवार पान आहे, तिथून सुरुवात करा. सामनावार तपशिलासाठी रेट्रोशीट. तिथे जुन्या सामन्यांचे कागद जमवून मोफत दिले आहेत. लीगचं अधिकृत संकेतस्थळ अलीकडच्या वर्षांसाठी चांगलं. प्रत्येक ओळ निदान दोन ठिकाणी पाहावी आणि जुळली नाही तर दोन्ही आकडे शेऱ्यात लिहावेत, कुठे काय सापडलं त्यासह. सरासरी काढून मधला आकडा लिहिणारेही असतात. तो आकडा तर कुठेच नसतो.

नोंदींत मतभेद असणं नवीन नाही. कसोटीपटू पॉली उम्रीगर यांचं जन्मस्थळ काही नोंदींत सोलापूर आहे तर काहींत मुंबई. अभिमानापोटी एक बाजू खोडून टाकली की पुढच्या माणसाला प्रश्न होता हेच कळत नाही.

मॅनेजरच्या रकान्यात एक खाच आहे. कॉनी मॅक १९०१ पासून १९५० पर्यंत, पन्नास हंगाम या एकाच संघाचे मॅनेजर होते. ते भागधारकही असल्याने त्यांना काढणार कोण? पण १९३७ आणि १९३९ साली ते आजारी असताना मुलाने, अर्ल मॅकने, सूत्रं सांभाळली. ते सामने मुलाच्या नावावर आहेत. शिवाय मॅनेजर म्हणून कॉनी मॅक यांचे एकूण ३,७३१ विजय सांगितले जातात, त्यात त्याआधीचे पिट्सबर्गचे विजयही आहेत. तो आकडा या संघाच्या खाती टाकू नका.

नावं देवनागरीत आणताना एकदा ठरवलेलं रूप शेवटपर्यंत तेच ठेवा आणि रजिस्टरच्या शेवटी सूची करा. टोपणनावं फार आहेत. पिचर कॅटफिश हंटर आणि जिम हंटर एकच. कॉनी मॅक यांचं पूर्ण नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी.

तक्त्यातून इतिहास

तक्ता भरल्यावर जय-प्रमाणाच्या रकान्यावरून वरपासून खाली बोट फिरवा आणि जिथे आकडा एकदम पडतो किंवा चढतो तिथे खूण करा. प्रकरणं तिथे तोडायची. शहर बदललं म्हणून आपोआप नवं प्रकरण होत नाही. मग प्रत्येक खुणेपाशी कारण शोधायचं.

१९१४: ९९-५३. १९१५: ४३-१०९. एका वर्षात ५६ विजय कमी. वर्ल्ड सिरीज बोस्टन ब्रेव्ह्जकडून ४-० हरले म्हणून संघ खचला, हे सोपं स्पष्टीकरण बरेच जण देतात. ते पुरत नाही. त्या काळात फेडरल लीग ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली होती आणि दुप्पट-तिप्पट पगारांची आमिषं दाखवत होती. मॅक यांनी तेवढे पैसे द्यायचं नाकारलं. एडी प्लँक आणि चीफ बेंडर हे पिचर तिकडे गेले, एडी कॉलिन्सला ५०,००० डॉलरना शिकागो व्हाइट सॉक्सला विकलं आणि फ्रँक बेकर वर्षभर खेळलाच नाही. १९२१ पर्यंत सलग सात वर्षं संघ शेवटचा.

दुसरी पडझड १९३२ पासूनची. १९२९ ते १९३१ सलग तीन लीग विजेतेपदं, १०४, १०२ आणि १०७ विजय. १९२९ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात ०-८ मागे असताना सातव्या डावात दहा धावा. आणि मग मंदी. कॉक्रेन डेट्रॉइटला, ग्रोव्ह आणि फॉक्स बोस्टनला, असे प्रमुख खेळाडू विकले गेले. तिसरी पडझड सत्तरच्या दशकातली. सलग तीन जगज्जेतेपदांनंतर मालक चार्ली फिनलीने करार मोडल्याने हंटर मोकळा होऊन यांकीजकडे गेला. १९७५ अखेरच्या लवादाच्या निर्णयाने इतर खेळाडूंनाही करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट खुली झाली. १९७६ साली फिनलीने तीन खेळाडू ३५ लाख डॉलरना विकायला काढले, पण कमिशनर बोवी क्यून यांनी तो व्यवहार रद्द केला. त्यांतले दोघे मग तसेच निघून गेले, पैसे न मिळता. १९७९: ५४-१०८.

तिन्ही वेळा उत्तम संघ मैदानावर कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त मोडला. अ‍ॅथलेटिक्सच्या इतिहासाचा कणा हाच आहे असं आमचं मत आहे. हे मत लेखात लिहा, तक्त्यात लिहू नका. पांढऱ्या हत्तीची गोष्ट याच्याशी छान जुळते. जायंट्सचे जॉन मॅकग्रॉ यांनी १९०२ साली या संघाला पोसायला महागडा पांढरा हत्ती म्हणून हिणवलं, मॅक यांनी चिडण्याऐवजी हत्तीच चिन्ह म्हणून घेतला, तो आजही आहे.

आपल्या संघासाठी हीच पद्धत

सोलापुरातल्या एखाद्या खो-खो, कबड्डी किंवा क्रिकेट मंडळाचा हंगामवार तक्ताही याच रकान्यांत बसतो, फक्त 'किती सामने मागे' काढून टाका आणि त्या जागी 'स्पर्धा' घाला. इथे तयार संकेतस्थळ नाही. ढालींवर कोरलेली सालं, प्रमाणपत्रं आणि स्थानिक दैनिकांच्या जुन्या फायली, एवढ्यावर काम करायचं. ढालीवरचं साल आणि स्पर्धेचं साल वेगळं असू शकतं, कारण ढाल बऱ्याचदा बक्षीस समारंभानंतर कोरून घेतात. क्रिकेट, कबड्डीचा हंगाम हिवाळ्यात येतो, म्हणून साल जोडीने लिहा आणि संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधीचा सामना की नंतरचा, हे जुन्या खेळाडूंना विचारा. तारीख आठवत नसली तरी हे बहुतेकांना आठवतं, आणि साल डिसेंबरचं की जानेवारीचं ते त्यावरून ठरतं.